शुश्रूषा करणाऱ्यांची शुश्रूषा: टेपरेकॉर्डरपासून टेलिमानसपर्यंत

१/
फेब्रुवारी २०२०. चीनच्या हुनान प्रांतातील चांगशा शहर. वुहानमध्ये उसळलेल्या साथीची झळ येथवर पोहोचली होती. येथील दुसऱ्या श्यांग्या रुग्णालयाने आपल्या डॉक्टर-परिचारिकांच्या मनःस्वास्थ्यासाठी एक विचारपूर्वक योजना आखली. ताण हाताळण्याचे ऑनलाइन पाठ, समुपदेशनासाठी दूरध्वनी सेवा आणि मन हलके करणारे गट-उपक्रम, असे तिचे तीन भाग होते. योजना उत्तम होती. परंतु जिच्यासाठी ती होती, त्या कर्मचारीवर्गाने तिच्याकडे पाठ फिरवली.

२/
काही परिचारिका चिडचिड करीत होत्या, विश्रांती नाकारीत होत्या, त्यांच्या चेहऱ्यावर ताण स्पष्ट दिसत होता. तरीही ‘आम्हांला काहीच झालेले नाही’ असेच त्या सांगत होत्या. साधने हाताशी असूनही ती नाकारली का गेली? या प्रश्नाचे उत्तर रुग्णालयाने शोधले आणि ते पुढे येईलच. मात्र ते नीट समजण्यासाठी जवळजवळ पन्नास वर्षे मागे, न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात जावे लागते.

३/
१९७०च्या दशकाचा आरंभ. न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेज भागात अमली पदार्थांच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांसाठी सेंट मार्क्स हा मोफत दवाखाना चालत असे. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर हे मानसशास्त्रज्ञ तेथे सेवा देत. १९२६ साली जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे एका ज्यू कुटुंबात जन्मलेले फ्रॉइडेनबर्गर नाझी राजवटीतून निसटून लहानपणीच अमेरिकेत आले होते. दिवसभर स्वतःचा व्यवसाय आणि त्यानंतर रात्री उशिरापर्यंत हा दवाखाना, असा त्यांचा दिनक्रम होता.

४/
महिनोन्‌महिने असे गेल्यावर एकदा कुटुंबासह सहलीला निघण्याच्या दिवशी त्यांना अंथरुणातून उठताच येईना. काय होते आहे हे समजेना, तेव्हा त्यांनी एक वेगळाच मार्ग धरला. टेपरेकॉर्डर सुरू करून ते मनात येईल ते बोलत राहिले आणि नंतर तीच टेप जणू एखाद्या रुग्णाचे कथन असावे तशी ऐकली. स्वतःच्या आवाजातील थकवा आणि त्यामागे दडलेला संताप त्यांना प्रथमच ऐकू आला.

५/
उपचार करणाऱ्याच्या मनाची विचारपूस करण्यासाठी एका यंत्राचा उपयोग झाल्याचा हा एक जुना प्रसंग. १९७४ साली फ्रॉइडेनबर्गर यांनी दवाखान्यातील सेवकांच्या या अवस्थेवर निबंध लिहिला आणि तिला नाव दिले ‘बर्नआउट’. हा शब्द त्यांना त्याच वस्तीत, व्यसनाने पोखरलेल्या माणसांविषयीच्या बोलण्यात सापडला होता. रुग्णाचे वर्णन करणारा शब्द आता वैद्यकालाही लागू झाला.

६/
शब्द मिळाला, पण त्याचे मोजमाप कसे करायचे? ते काम कॅलिफोर्नियातील मानसशास्त्रज्ञ क्रिस्तिना मॅसलाक यांनी केले. सुझन जॅक्सन यांच्यासह त्यांनी १९८१ साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. बर्नआउटची तीन अंगे तिने वेगळी केली: भावनिक दृष्ट्या पूर्ण रिकामे होणे, समोरच्या माणसाविषयी कोरडेपणा येणे आणि आपल्या हातून काही भले होते यावरचा विश्वास उडणे. आज जगभरातील रुग्णालयांत होणारी बहुतांश पाहणी याच वळणाने जाते.

७/
मॅसलाक यांचा भर एका मुद्द्यावर सातत्याने राहिला. माणूस कमकुवत असतो म्हणून तो जळून जातो, असे नाही. कामाचा बोजा, निर्णयाचे स्वातंत्र्य, न्याय्य वागणूक, सहकाऱ्यांची साथ यांचा मेळ बिघडला की ही अवस्था येते. पुढे २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही बर्नआउटला ‘आजार’ न म्हणता कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन आणि नीट न हाताळलेल्या ताणातून उद्भवणारी ‘व्यवसायाशी निगडित घटना’ म्हटले. पुढील इतिहासात हा भेद वारंवार विसरला जातो, म्हणून तो येथे ध्यानात ठेवायला हवा.

८/
पुढचा टप्पा कॅनडातील टोरांटो. २००३ साली सार्सची साथ हाँगकाँगमार्गे या शहरात पोहोचली. कॅनडात तिने ४४ बळी घेतले. टोरांटोत संसर्ग मुख्यतः रुग्णालयांतच पसरला आणि बाधितांत आरोग्य कर्मचाऱ्यांचे प्रमाण मोठे होते. दोन परिचारिका आणि एक डॉक्टर या साथीत दगावले. कालचा सहकारी आज रुग्ण म्हणून खाटेवर, अशी वेळ अनेकांवर आली.

९/
अनेक कर्मचाऱ्यांना ‘कामापुरते विलगीकरण’ भोगावे लागले. घर ते रुग्णालय एवढीच ये-जा आणि घरीही मास्क लावून कुटुंबापासून दूर राहायचे. आपल्यामुळे मुलाबाळांना रोग होईल ही भीती होती आणि भोवतालचे लोक टाळतात ही बोचही होती. माउंट सिनाई रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट माँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सारे त्याच काळात नोंदवून ठेवले.

१०/
साथ गेली, तरी मनावरचे ओझे उतरले नाही. माँडर यांच्या गटाने साथीनंतर १३ ते २६ महिन्यांनी ७६९ आरोग्य कर्मचाऱ्यांची पाहणी केली. सार्सचे रुग्ण हाताळणाऱ्या टोरांटोतील ९ रुग्णालयांची तुलना त्यांनी शेजारच्या हॅमिल्टनमधील ४ रुग्णालयांशी केली, जेथे सार्सचे रुग्ण आले नव्हते. टोरांटोतील कर्मचाऱ्यांत बर्नआउट, मानसिक क्लेश आणि आघातोत्तर ताण लक्षणीयरीत्या अधिक आढळला. कित्येकांनी रुग्णांशी येणारा संपर्क किंवा कामाचे तास कमी केले होते.

११/
म्हणजे कर्मचाऱ्यांच्या मनाची हेळसांड ही अखेरीस रुग्णसेवेची हानी ठरते, हे आकड्यांनिशी दिसले. पुढची महासाथ इन्फ्लुएन्झाची असेल असा तेव्हा अनेक तज्ज्ञांचा कयास होता. मग प्रश्न असा पडला, की शरीराला रोगाआधी लस देता येते, तशी मनाला संकटाआधी काही तयारी देता येईल का?

१२/
टोरांटोच्या गटाने यासाठी संगणकावरील एक पाठमाला रचली आणि तिला नावच दिले ‘तणावाची लस’. एका रुग्णालयातील १५८ कर्मचाऱ्यांवर तिची चाचणी झाली. कोणाला ७ सत्रांचा लघुपाठ, कोणाला १२ सत्रांचा मध्यम, तर कोणाला १७ सत्रांचा दीर्घ पाठ असे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वाटप केले गेले. लघुपाठाला सुमारे १११ मिनिटे लागत, दीर्घपाठाला २२३. लसीची मात्रा ठरवावी, तशी येथे प्रशिक्षणाची मात्रा ठरवली जात होती.

१३/
२०१० साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष आशादायक होते. महासाथीला तोंड देण्याचा आत्मविश्वास वाढला, आपल्याला साहाय्य आणि प्रशिक्षण मिळेल हा भरवसा वाढला आणि परस्परसंबंधांतील अडचणीही कमी झाल्या. मध्यम लांबीचा पाठ सर्वांत योग्य वाटला. ज्याच्या पाळ्या बदलत असतात, ज्याला ठरावीक वेळी वर्गात बसता येत नाही, अशा माणसाला संगणक सोयीचा ठरतो, हा धडा पक्का झाला.

१४/
मात्र याच दशकात रुग्णालयांतील संगणकाची दुसरी बाजूही उघड होत होती. अमेरिकेत २००९ साली झालेल्या कायद्याने रुग्णांच्या नोंदी कागदावरून संगणकावर आणण्यासाठी मोठे आर्थिक प्रोत्साहन दिले. हेतू चांगला होता. पण प्रत्येक तपासणी, प्रत्येक सही, प्रत्येक बिल यांसाठी रकाने भरण्याचे काम डॉक्टर-परिचारिकांच्याच अंगावर येऊन पडले.

१५/
२०१६ साली ख्रिस्तीन सिन्स्की आणि सहकाऱ्यांनी चार राज्यांतील ५७ डॉक्टरांचे ४३० तास निरीक्षण केले. रुग्णासमोर घालवलेल्या प्रत्येक तासामागे जवळजवळ दोन तास संगणकावरील नोंदी आणि टेबलावरील कामात जात होते. त्याखेरीज रात्री घरी उरलेले काम निराळेच. जेवणानंतर मुले झोपली की नोंदी पूर्ण करायला बसायच्या, या वेळेला अमेरिकी डॉक्टरांनी ‘पायजमा टाइम’ असे कडवट नाव दिले.

१६/
आता एक विचित्र चित्र उभे राहिले. एका पडद्यावर ताण वाढत होता आणि तोच घालवण्यासाठी दुसऱ्या पडद्यावर ध्यानाचे पाठ दिले जात होते. या कोंडीतून निघण्याचा एक साधा मार्ग प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर सापडला. तेथील हवाई पॅसिफिक हेल्थ या संस्थेने ऑक्टोबर २०१७ मध्ये एक मोहीम सुरू केली. तिच्या इंग्रजी नावाचा सरळ अर्थ होता: मूर्खपणाच्या गोष्टी काढून टाका.

१७/
डॉ. मेलिंडा अ‍ॅश्टन यांनी या मोहिमेची हकीकत २०१८ साली लिहिली. कर्मचाऱ्यांना एवढेच विचारले गेले, की संगणकावरील कोणती नोंद निरर्थक वाटते? परिचारिकांना दर तासाच्या फेरीनंतर एक खूण करावी लागे. तिला सुमारे २४ सेकंद लागत. ती खूण रद्द करताच संस्थेच्या चार रुग्णालयांत मिळून दरमहा सुमारे १,७०० परिचर्या-तास वाचले. ना नवे अ‍ॅप आले, ना समुपदेशक. प्रश्न विचारला गेला आणि उत्तर मानले गेले.

१८/
या पार्श्वभूमीवर पुन्हा चांगशाकडे वळता येते. कर्मचारी मदत नाकारतात हे पाहून दुसऱ्या श्यांग्या रुग्णालयाने त्यांना दोष दिला नाही. १३ जणांशी प्रत्येकी अर्धा तास बोलून कारणे विचारली गेली. उत्तरे अनपेक्षित होती. काम सुरू झाल्यावर स्वतःला संसर्ग होण्याची भीती फारशी उरत नाही, असे ते म्हणाले. खरी चिंता घरच्यांची होती. त्यांनी काळजी करू नये आणि आपल्यामुळे विषाणू घरात जाऊ नये.

१९/
घाबरलेला रुग्ण विलगीकरणात राहायला तयार नसेल तर त्याला कसे समजवावे, हे कळत नव्हते. संरक्षक साहित्याचा तुटवडा होता. अत्यवस्थ रुग्णापुढे आपण असमर्थ आहोत ही भावना छळत होती. अनेकांनी स्पष्टच सांगितले, की मानसशास्त्रज्ञाची गरज नाही. हवी आहे ती कोणी मध्येच न उठवता मिळणारी विश्रांती आणि पुरेसे संरक्षक साहित्य.

२०/
रुग्णालयाने योजना बदलली. कुटुंबापासून वेगळे राहता येईल अशी विश्रांतीची जागा दिली, जेवणाखाणाची आणि दैनंदिन वस्तूंची हमी घेतली. संरक्षक साहित्याच्या वापराचे तपशीलवार नियम केले. दंगा करणाऱ्या रुग्णांसाठी सुरक्षारक्षक उपलब्ध केले. रुग्णांची मानसिक अवस्था ओळखून ती कशी हाताळावी, याचे प्रशिक्षण कामावर रुजू होण्याआधीच सुरू केले.

२१/
या नव्या योजनेत तंत्रज्ञानही होते, पण त्याची जागा बदलली होती. कर्मचाऱ्यांना रुग्णालयातील आपल्या दिनक्रमाची चित्रफीत काढायला मदत केली गेली, जेणेकरून ती घरी पाठवून घरच्यांची काळजी कमी करता येईल. कॅमेरा तोच, फोन तोच. परंतु आता तो कर्मचाऱ्याने स्वतः सांगितलेल्या दुःखावर काम करीत होता. आणि समुपदेशक? ते विश्रांतीच्या जागी नियमित जाऊन कर्मचाऱ्यांच्या अडचणी ऐकू लागले. शंभरांहून अधिक कर्मचाऱ्यांची तेथे सोय झाली आणि बहुतेकांना ती जागा घरासारखी वाटली.

२२/
हा अनुभव फेब्रुवारीतच ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढच्याच महिन्यात साथ युरोपात थैमान घालू लागली. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने आपल्या कर्मचाऱ्यांना ध्यान, झोप आणि चिंता यांसाठीची हेडस्पेस, अनमाइंड, स्लीपिओ, डेलाइट ही अ‍ॅप्स मोफत खुली केली. इतक्या मोठ्या नोकरवर्गाच्या हाती एकाच वेळी मनःस्वास्थ्याची डिजिटल साधने देण्याचा हा प्रयोग अभूतपूर्व होता.

२३/
नॉटिंगहॅम विद्यापीठातील हॉली ब्लेक आणि सहकाऱ्यांनी केवळ तीन आठवड्यांत एक डिजिटल पाठसंच तयार केला. पाळ्यांमधील झोप, थकवा, अपराधभाव, शोक, सामाजिक कलंक, सहकाऱ्याला प्राथमिक मानसिक आधार कसा द्यावा, असे विषय त्यात होते. वरिष्ठांनी आपल्या चमूसाठी निर्धास्त वातावरण कसे राखावे, हेही त्यात सांगितले होते. पूर्ण झाल्यापासून सात दिवसांत तो १७,६३३ वेळा उघडला गेला. भूक किती मोठी होती, हे या आकड्यावरून कळते.

२४/
याच अभ्यासकांनी आणखी एका उपक्रमाची नोंद ठेवली, आणि तिची तुलना बोलकी आहे. एका रुग्णालय-संस्थेने दोन ठिकाणी कर्मचाऱ्यांसाठी विसाव्याची केंद्रे उघडली. तेथे शांतपणे बसता येई आणि प्राथमिक मानसिक आधाराचे प्रशिक्षण घेतलेले सहकारी भेटत. १७ आठवड्यांत या केंद्रांना १४,९३४ भेटी दिल्या गेल्या. पडद्यावरील पाठ हवे होते, तशीच टेकायला एक खुर्ची आणि ऐकणारा एक माणूसही हवा होता.

२५/
अ‍ॅप एकटेच पुरते का, याची कसोटी स्पेनमध्ये लागली. २०२० च्या मे ते ऑगस्टदरम्यान ४८२ आरोग्य कर्मचाऱ्यांवर ‘सायकोविडअ‍ॅप’ या साधनाची चाचणी झाली. अर्ध्यांना ते अ‍ॅप मिळाले, उरलेल्यांना जुजबी माहिती देणारे दुसरे. दोन आठवड्यांनी पाहता दोन्ही गटांत एकंदर फरक आढळला नाही. मात्र जे आधीच मानसोपचार किंवा औषधे घेत होते, त्यांना अ‍ॅपचा स्पष्ट लाभ झाला.

२६/
हा निष्कर्ष निराशेचा नाही, नेमकेपणाचा आहे. ज्याच्यामागे माणसाची साथ होती, त्याला साधनाने बळ दिले. ज्याच्यामागे ती नव्हती, त्याच्यासाठी केवळ साधन अपुरे पडले. पण मग आरोग्य कर्मचारी माणसाकडे मदत मागायला का कचरतात? याचे एक उत्तर एका दुःखद घटनेने दिले. न्यूयॉर्कमधील आपत्कालीन विभागाच्या डॉक्टर लॉर्ना ब्रीन यांनी एप्रिल २०२० मध्ये आपले जीवन संपवले.

२७/
मानसिक त्रासासाठी मदत घेतली तर वैद्यकीय परवाना आणि कारकीर्द धोक्यात येईल, ही भीती त्यांना होती, असे त्यांच्या कुटुंबीयांनी सांगितले. अमेरिकेतील अनेक ठिकाणी परवान्याच्या अर्जात मानसिक आजाराविषयी प्रश्न विचारले जात. १८ मार्च २०२२ रोजी त्यांच्या नावाचा कायदा झाला आणि आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी निधी उपलब्ध झाला. अर्जांतील ते प्रश्न काढून टाकण्याच्या चळवळीलाही जोर आला.

२८/
नाव न सांगता बोलता येणे, हे डिजिटल साधनाचे सर्वांत मोठे बळ का ठरते, ते येथे उमगते. रात्रपाळी संपवून आलेल्या परिचारिकेला पहाटे चार वाजता कोणाच्याही नजरेस न पडता मदत मागता येते. परंतु हे बळ टिकते ते गुप्ततेच्या हमीवर. आपण काय लिहिले हे वरिष्ठांना कळेल अशी शंका जरी आली, तरी ते दार पुन्हा बंद होते.

२९/
भारतात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. येथे आरोग्यव्यवस्थेची पहिली पायरी म्हणजे गावागावांतील आशा कार्यकर्ती. २००५ साली सुरू झालेल्या या योजनेत तिला पगार नाही, कामागणिक मोबदला मिळतो. महाराष्ट्रात १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम राबवली गेली. आशाताई आणि त्यांचे सहकारी दारोदार जाऊन ताप आणि ऑक्सिजनची पातळी मोजत आणि ती माहिती अ‍ॅपमध्ये भरीत.

३०/
म्हणजे तिच्या हातातील फोन हे आधी कामाचे साधन होते. त्यावर नोंद करायची, त्यावरच आदेश यायचे. जून २०२१ मध्ये राज्यातील आशा कार्यकर्त्यांनी संप पुकारला. मागणी मानधनवाढीची आणि कोविड भत्त्याची होती. दरमहा १,००० रुपयांची वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता मान्य झाल्यावर तो मागे घेतला गेला. मनःस्वास्थ्याचा शब्दही मागणीपत्रात नसला, तरी चांगशाच्या परिचारिकांनी सांगितले होते त्याच्याशी या मागण्यांचे नाते आहे. आधी कामाच्या अटी माणसाला सोसवतील अशा हव्यात.

३१/
१० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, भारत सरकारने ‘टेलिमानस’ ही राष्ट्रीय सेवा सुरू केली. १४४१६ हा तिचा क्रमांक. बंगळुरूची निम्हान्स ही संस्था तिचे शीर्ष केंद्र आहे. सेवा मोफत, चोवीस तास आणि मराठीसह अनेक भाषांत चालते. ती सर्व नागरिकांसाठी आहे, म्हणूनच तेथे डॉक्टर किंवा परिचारिकाही सामान्य माणसाप्रमाणे बोलू शकते.

३२/
दोन वर्षांनी, २०२४ साली, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्यावर अहवाल दिला. त्याच्या पाहणीत २५,५९० पदवीपूर्व आणि ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी भाग घेतला. अहवालाने टेलिमानसचा आधार घेण्याची शिफारस केली. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला ७४ तासांहून अधिक नसावे, एक दिवस सुटी असावी आणि सात-आठ तास झोप मिळावी, असेही त्यात म्हटले आहे.

३३/
फोनची सोय आणि तासांची मर्यादा एकाच अहवालात यावी, हे महत्त्वाचे आहे. पहिली शिफारस अमलात आणणे स्वस्त आहे. क्रमांक फलकावर लावला की झाले. दुसरीसाठी पदे भरावी लागतात, पाळ्या नव्याने आखाव्या लागतात, वरिष्ठांच्या सवयी मोडाव्या लागतात. म्हणून पहिली पटकन होते आणि दुसरी रेंगाळते, असा धोका नेहमीच असतो. अपुऱ्या मनुष्यबळाचा भार मग अ‍ॅपच्या नावाने पुन्हा त्याच थकलेल्या माणसावर टाकला जातो.

३४/
अलीकडे साधनांची दिशा मात्र बदलताना दिसते. डॉक्टर-रुग्णांचे बोलणे ऐकून टिपण तयार करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने अमेरिकेत वापरात आली आहेत. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा आरोग्यसंस्थांतील २६३ वैद्यकांनी ती महिनाभर वापरली. बर्नआउट जाणवणाऱ्यांचे प्रमाण ५१.९ टक्क्यांवरून ३८.८ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, त्यामुळे निष्कर्ष जपूनच घ्यावा. तरी येथे मनाला धीर देण्याऐवजी डोक्यावरचे काम काढून घेतले गेले, हा फरक लक्षणीय आहे.

३५/
टोरांटोची पाठमाला, हवाईमधील रद्द झालेली खूण, नॉटिंगहॅमचे पाठ, स्पेनचे अ‍ॅप, १४४१६ हा क्रमांक, या साऱ्यांचा उपयोग झाला, पण सारखा नाही. जेथे कर्मचाऱ्याला आधी विचारले गेले आणि त्याने सांगितलेली उणीव भरून काढली गेली, तेथे यंत्र कामी आले. जेथे विचारलेच नाही, तेथे ते चांगशातील पहिल्या योजनेप्रमाणे पडून राहिले.

३६/
फ्रॉइडेनबर्गर यांच्या टेपरेकॉर्डरने काही उपाय सांगितला नव्हता. त्याने फक्त थकलेल्या माणसाचा आवाज जसाच्या तसा परत ऐकवला. पुढचे काम, म्हणजे तो आवाज ऐकून दिनक्रम बदलणे, माणसालाच करावे लागले. रुग्णालये, महाविद्यालये आणि शासन यांच्यापुढे आजही तेच काम आहे.

३७/
हे वाचणाऱ्यांपैकी कोणी परिचर्या किंवा वैद्यकाचे शिक्षण घेत असेल, कोणाच्या घरी रात्रपाळी करणारी आई, ताई किंवा दादा असेल. १४४१६ हा क्रमांक त्यांच्या फोनमध्ये असू द्यावा. आणि पुढच्या वेळी ते पाळीवरून परततील, तेव्हा त्यांना सलग झोपू द्यावे.